घरच्या टेबलावर बनलेल्या खेळण्याचं पेटंट कसं घ्यावं

तुम्ही एखादं नवं खेळणं, कोडं किंवा गमतीची वस्तू बनवली आहे. पाठीशी कंपनी नाही, कॉलेज नाही, वकील नाही. पेटंट घ्यावं असं वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. हा लेख तुमच्यासाठी आहे. पेटंटवर लिहिलेलं भरपूर सापडतं, पण ते बहुतेक औषध कंपन्या आणि स्टार्टअप यांना समोर ठेवून लिहिलेलं असतं. खेळण्यांचे प्रश्न वेगळे असतात. मी एका भोवऱ्यासाठी ही वाट एजंटशिवाय, म्हणजे पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या व्यावसायिकाशिवाय, चालून गेलो आहे, म्हणून उदाहरण त्याचंच देतो.

हा भोवरा वेग उतरल्यावर लवंडत नाही. जोरात फिरताना त्याचे तीन वजनदार पितळी पाय बाहेरच्या बाजूला उचललेले राहतात. फिरणं मंदावलं की पाय खाली येतात आणि भोवरा तिवईसारखा उभा राहतो. पाहणाऱ्याला एवढंच दिसतं. पेटंट मात्र आतल्या यंत्रणेला मिळतं.

१. नेमकं नवं काय आहे ते एका वाक्यात लिहा

'न पडणारा भोवरा' ही कल्पना झाली. कल्पनेला पेटंट नाही. ती ज्या हिकमतीने प्रत्यक्षात आली, त्या हिकमतीला आहे. माझ्या पहिल्या नमुन्यात तिन्ही पाय सुटे होते. एक पाय जरा आधी टेकायचा आणि भोवरा तिकडेच कलंडायचा. मग छत्रीच्या दांड्यावर सरकते तशी एक कडी मधल्या दांड्यावर बसवली आणि तिन्ही पाय छोट्या काड्यांनी तिला जोडले. आता पाय वर जातात तेही एकत्र आणि खाली येतात तेही एकत्र. नवं काय, तर ही कडी.

लेगोच्या विटेचं उदाहरण पाहा. एकमेकींवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या पोकळ विटा लेगोच्या आधी इंग्लंडमध्ये विकल्या जात होत्या. २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये लेगोने जो अर्ज केला, त्याचं मर्म विटेच्या पोटातल्या नळ्यांमध्ये आहे. त्या नळ्यांमुळे वरच्या विटेने खालच्या विटेच्या गुट्ट्या घट्ट धरल्या आणि रचलेलं घर हातात उचलता येऊ लागलं.

तुमच्या वस्तूचं असं वाक्य लिहा: 'आधी अमुक अडचण होती, ती मी अमुक रचनेने सोडवली.' हे वाक्य जमत नसेल तर अर्जाची घाई करू नका. पुढे पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाला जे सांगायचं आहे, त्या सगळ्याचं मूळ याच वाक्यात असतं.

२. कायद्याच्या कुंपणाबाहेर तर नाही ना, ते पाहा

भारतीय पेटंट कायदा १९७० चा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये कशाला पेटंट मिळत नाही याची यादी आहे. खेळणी बनवणाऱ्याने ती स्वतः वाचावी, कारण निम्मी निराशा तिथेच टळते.

खेळाचे नियम आणि खेळण्याची पद्धत यांना भारतात पेटंट नाही. सापशिडीचे नवे नियम, पत्त्यांचा नवा डाव, बोर्डगेमची चाल, सगळं बाद. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांना 'लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचं पेटंट १९०४ साली मिळालं होतं. ते वाचून पुष्कळ जण आशेने आपल्याकडे अर्ज करतात. बोर्डगेमवाल्यांनी पेटंटच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पटाचं चित्र आणि नियमांच्या पुस्तिकेचा मजकूर यांना कॉपीराइट, नावाला ट्रेडमार्क, इतकं पुरे. पण खेळात एखादं नवं यांत्रिक साधन असेल, उदाहरणार्थ सोंगट्या आपोआप परत आणणारा पट, तर त्या साधनाचा विचार होऊ शकतो.

दुसरा अडसर जोडकामाचा. पेनाला टॉर्च लावला, टॉर्चच्या मागे शिट्टी बसवली. तिन्ही आपापलं काम आधीसारखंच करतात. अशा नुसत्या जुळणीला कायदा शोध मानत नाही. जोडलेल्या भागांनी मिळून काहीतरी नवं काम करायला हवं.

तिसरा अडसर पारंपरिक ज्ञानाचा. भिंगरी, विटीदांडू, जत्रेतली पिपाणी हे आपल्या सगळ्यांचं आहे. त्यावर नुसता रंग चढवून किंवा लाकडाऐवजी प्लास्टिक वापरून पेटंट मिळणार नाही. भोवराही परंपरेतलाच, पण सरकत्या कडीचा भोवरा परंपरेत नाही. एवढ्याच फरकावर माझा अर्ज उभा होता.

मोबाइल ॲपवर चालणारं खेळणं असेल तर नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही हे लक्षात ठेवा. सेन्सर, मोटर आणि त्यांच्यामुळे वस्तूत घडणारा तांत्रिक परिणाम यांवर भर द्यावा लागतो.

३. अर्ज दाखल होईपर्यंत कुणाला दाखवू नका

नवशिक्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. खेळणं बनवलं की ते लोकांच्या हातात द्यावंसं वाटतं. इन्स्टाग्रामवर रील टाकलं जातं, विज्ञान प्रदर्शनात टेबल मांडलं जातं, सोसायटीच्या गणपतीत मुलांना वाटलं जातं. पण अर्जाच्या तारखेआधी वस्तू जगासमोर आली असेल तर ती 'नवी' राहत नाही, मग समोर आणणारे तुम्ही स्वतः का असेनात. प्रदर्शनासाठी कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. शाळेचं किंवा कॉलेजचं प्रदर्शन त्यात येत नाही.

अमेरिकेतला एक खटला या संदर्भात सांगितला जातो. लॅरी निकोल्स यांनी फिरत्या घनाच्या कोड्याच्या कागदी प्रतिकृती आधी मित्रांना दाखवल्या होत्या, तरी तिथल्या न्यायालयाने त्याला सार्वजनिक वापर मानलं नाही. यावर विसंबून राहू नका. खटला जिंकण्यापेक्षा तो उद्भवूच न देणं स्वस्त पडतं.

नमुना बनवायला बाहेर जावंच लागतं. टर्नर, लेझर कटिंगवाला, थ्रीडी प्रिंटिंगवाला, कुणाकडेही काम देताना साध्या कागदावर 'ही रचना गोपनीय आहे, कुणाला दाखवणार नाही, प्रत काढणार नाही' असं लिहून तारखेसह सही घ्या. शक्य असेल तर भाग दोन ठिकाणी करून घ्या आणि जुळणी घरी करा. माझे पितळी पाय एकाने केले, दांडा दुसऱ्याने. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आहे. अशा ठिकाणी स्वतः यंत्रावर बसून नमुना करता आला तर उत्तमच, पण तिथेही काय खुलं आहे आणि काय गोपनीय, हे आधी विचारून घ्या.

४. जगात आधी कुणी केलंय का, ते शोधा

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण मला त्यातच सर्वाधिक आनंद मिळाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची खेळण्यांची पेटंटं चित्रांसकट मोफत वाचता येतात. आपल्यासारखीच डोकी किती ठिकाणी झिजली हे त्यात दिसतं.

शोधायच्या जागा: भारतीय पेटंट कार्यालयाची 'इनपास' ही शोधप्रणाली, युरोपचं 'एस्पासनेट', जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं 'पेटंटस्कोप' आणि 'गूगल पेटंट्स'. नुसत्या शब्दांवर शोधू नका. एकाच वस्तूला कुणी 'टॉय' म्हणतं, कुणी 'पझल', आणि जुन्या अमेरिकी पेटंटांत तर कशालाही 'ॲम्युझमेंट डिव्हाइस' म्हटलेलं असतं. वर्गीकरणाचा कोड वापरा. खेळणी 'ए६३एच' या वर्गात येतात. त्यात भोवरे १ मध्ये, उडती खेळणी आणि पतंग २७ मध्ये, साबणाचे फुगे आणि रचण्याचे ठोकळे ३३ मध्ये. पट, पत्ते आणि कोडी 'ए६३एफ' मध्ये. जादूच्या प्रयोगांची साधनं 'ए६३जे' मध्ये. आपल्या वर्गातली चित्रं एकामागून एक पाहत जा. खेळण्याच्या बाबतीत चित्र शब्दांपेक्षा लवकर सांगतं.

फक्त पेटंटं पाहून थांबू नका. ऑनलाइन दुकानं, व्हिडिओ, जुनी पुस्तकं, सगळंच परीक्षकाला तुमच्याविरुद्ध वापरता येतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी उभी केली आणि पुस्तकं, चित्रफिती सगळ्यांसाठी मोफत खुल्या ठेवल्या. तुमचं खेळणं त्या भांडारात असेल तर त्यावर पेटंट मिळणार नाही, आणि मिळूही नये. ते मुलांचं आहे.

सापडलेल्या प्रत्येक जवळच्या दस्तऐवजासमोर एक ओळ लिहा: 'यात काय आहे, माझ्यात वेगळं काय.' ही वही पुढे फार उपयोगी पडते.

५. पेटंटच हवं का?

भारतात पेटंट अर्जापासून वीस वर्षं टिकतं, पण हाती यायला वर्षं लागतात. खेळण्याचं वेगळेपण फक्त दिसण्यात असेल, म्हणजे आकार, नक्षी, ठेवण, तर डिझाइन नोंदणी करा. ती २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते, व्यक्तीसाठी अर्जाची फी १,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि पुढे आणखी पाच. खेळणी तिथे वर्ग २१ मध्ये येतात. ट्रेडमार्कसाठी खेळण्यांचा वर्ग २८, व्यक्तीला ऑनलाइन फी ४,५००.

एक सापळा इथेच सांगतो. डिझाइन नोंदणी करून देऊन 'पेटंट मिळालं' असं सांगणारे लोक बाजारात आहेत. प्रमाणपत्र हातात आलं की वरचं शीर्षक आणि कायद्याचं नाव वाचा. डिझाइनच्या प्रमाणपत्राने आतल्या यंत्रणेचं रक्षण होत नाही.

जर्मनी, जपान, चीन या देशांत छोट्या हिकमतींसाठी 'युटिलिटी मॉडेल' नावाचा कमी मुदतीचा, लवकर मिळणारा हक्क आहे. खेळण्यांना तो अगदी चपखल बसला असता. आपल्या कायद्यात तशी सोय नाही, त्यामुळे भोवऱ्यालाही मोठ्या यंत्राच्याच रांगेत उभं राहावं लागतं.

६. प्रोव्हिजनल की थेट कम्प्लीट

प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन म्हणजे तात्पुरतं वर्णन. ते दाखल झालं की तारीख तुमची होते आणि पूर्ण वर्णन द्यायला बारा महिने मिळतात. ही मुदत वाढत नाही. चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

खेळण्यांसाठी प्रोव्हिजनल फार सोयीचं, कारण ते दाखल करून मुलांच्या हातात वस्तू देता येते आणि मुलांइतकी कठोर चाचणी दुसरी नाही. फक्त एक अट: प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलं तेवढ्याचीच तारीख मिळते. 'एक नवा भोवरा' एवढ्या चार ओळी आणि एक धूसर फोटो टाकून तारीख पक्की झाली असं समजू नका. ज्या ज्या प्रकारे ही यंत्रणा करता येईल, ते सगळे प्रकार लिहा. तीन पाय, चार पाय, कडीऐवजी दाते, स्प्रिंग असलेलं, नसलेलं.

७. स्पेसिफिकेशन आणि दावे

भाषेची गोष्ट आधी. अर्जाची कागदपत्रं इंग्रजीत किंवा हिंदीत लागतात, मराठीत चालत नाहीत. तरी मी आधी सगळं मराठीत लिहिलं. कुठला भाग कुठल्या भागाला काय करतो हे ज्या भाषेत स्वच्छ दिसतं त्या भाषेत मांडा, मगच दुसऱ्या भाषेत न्या.

क्रम ठरलेला आहे: शीर्षक पंधरा शब्दांच्या आत, शोधाचं क्षेत्र, आधीची परिस्थिती, उद्दिष्ट, थोडक्यात शोध, आकृत्यांची ओळख, सविस्तर वर्णन, दावे, आणि साधारण दीडशे शब्दांचा गोषवारा. शीर्षकात 'जादूई', 'अद्भुत' असले शब्द नकोत. सविस्तर वर्णन असं हवं की त्या कामातल्या माणसाने वाचून तुम्हाला न विचारता वस्तू बनवावी. मर्म लपवून पेटंट मिळत नाही. ज्याला लपवायचं आहे त्याने या वाटेला येऊ नये.

आकृत्या ए-४ कागदावर, वर आणि डावीकडे चार सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे तीन सेंटिमीटर समास सोडून. रंग नको, छायाचित्र नको, स्वच्छ काळ्या रेषा. भागांना नावं न देता आकडे द्या आणि एका भागाला सगळ्या आकृत्यांत एकच आकडा ठेवा. हलणाऱ्या खेळण्याच्या किमान दोन स्थिती दाखवा. माझ्या आकृती १ मध्ये भोवरा थांबलेला आहे, पाय टेकलेले. आकृती २ मध्ये फिरताना, पाय उचललेले. आकृती ३ मध्ये नुसती कडी, काड्या आणि बिजागऱ्या, मोठ्या करून.

आता दावे. नेमक्या कुठल्या रचनेवर हक्क मागता ते सांगणारं वाक्य म्हणजे दावा. पेटंटचा जीव दाव्यांत असतो. वर्णन कितीही सुंदर असो, तुमचा हक्क दाव्यातल्या शब्दांपुरताच.

फार रुंद दावा असा: 'वेग कमी झाल्यावर खाली येणारे पाय असलेला भोवरा.' यात फक्त परिणाम सांगितला आहे, रचना नाही, आणि पायांचा कुठलाही जुना भोवरा याला आडवा येईल.

फार अरुंद असा: 'सागवानी धड, मधोमध स्टीलचा दांडा आणि चाळीस मिलिमीटर लांबीचे तीन पितळी पाय असलेला भोवरा.' उद्या कुणी चार प्लास्टिकचे पाय लावले की तो तुमच्या हक्काबाहेर.

मधला दावा असा: 'एक भोवरा, ज्यात खालच्या टोकाला आर असलेला मधला दांडा आहे, दांड्याच्या वरच्या भागाशी बिजागरीने जोडलेले किमान तीन पाय आहेत, दांड्यावर वर-खाली सरकणारी कडी आहे, आणि प्रत्येक पायाला त्या कडीशी जोडणारी काडी आहे, ज्यामुळे सर्व पाय एकाच वेळी सारख्या प्रमाणात उचलले जातात व खाली येतात.' पितळ, लांबी, पाय किती वर जावेत ते अडवणारी खाच, या गोष्टी दावा २, ३, ४ मध्ये, पहिल्याला धरून.

दाव्याच्या शब्दांवर काय अवलंबून असतं ते निकोल्स यांच्याच प्रकरणात दिसतं. त्यांना १९७२ साली अमेरिकेत चुंबकांनी धरलेल्या दोन-बाय-दोन घनाचं पेटंट मिळालं होतं. त्यांच्या कंपनीने रुबिक क्यूब विकणाऱ्या आयडियल कंपनीवर १९८२ मध्ये खटला भरला. खालच्या न्यायालयाने पेटंटचा भंग झाल्याचा निकाल दिला. १९८६ साली अपील न्यायालयाने दोन-बाय-दोनच्या छोट्या क्यूबबद्दलचा निकाल कायम ठेवला आणि जगभर गाजलेल्या तीन-बाय-तीनबद्दलचा रद्द केला.

एक नियम पाठ करून ठेवा. पूर्ण वर्णन दाखल झाल्यावर त्यात नवा मजकूर घालता येत नाही. दावे नंतर आवळता येतात, पण फक्त आधी लिहिलेल्या गोष्टींच्या आधारे. म्हणून वर्णनात कंजूषपणा नको.

८. काय काय जवळ हवं

- फॉर्म १: अर्ज. संशोधक म्हणून ज्याने खरोखर डोकं चालवलं त्याचंच नाव. कल्पना मुलीची असेल तर मुलीचं.
- फॉर्म २: स्पेसिफिकेशन, आकृत्यांसह.
- फॉर्म ३: परदेशात अर्ज केले आहेत का, याचं निवेदन.
- फॉर्म ५: संशोधक कोण याची घोषणा, पूर्ण वर्णनाबरोबर.
- फॉर्म १८: परीक्षणाची विनंती. हा वेगळा भरावा लागतो.
- फॉर्म २६: फक्त एजंट नेमला असेल तर.
- ऑनलाइन अर्जासाठी क्लास ३ डिजिटल सही, यूएसबी टोकनवर. पॅन, आधार आणि व्हिडिओ पडताळणी लागते.
- भारतातला पत्ता आणि रोज पाहिला जाणारा ईमेल.

नोकरीत असाल तर नेमणुकीचं पत्र काढून वाचा. कामाच्या वेळेत किंवा कामाच्या विषयावर लावलेला शोध मालकाचा, असं कलम बऱ्याच पत्रांत असतं.

९. अर्ज आणि पैसे

महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड इथल्या अर्जदारांसाठी मुंबईचं कार्यालय, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. म्हणजे इंदूर आणि बडोद्याची मराठी मंडळीही इथेच. बेळगाव किंवा बेंगळुरूला राहत असाल तर चेन्नई. ऑनलाइन अर्ज केला तर जायची गरज पडत नाही, आणि कागदावर केलेल्या अर्जाची फीही थोडी जास्त असते.

व्यक्ती म्हणून ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. त्यात तीस पानं आणि दहा दावे येतात. पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२०. प्रोव्हिजनलला ही फी भरली असेल तर कम्प्लीटला पुन्हा भरावी लागत नाही. परीक्षणाची विनंती ४,००० रुपये. म्हणजे पान आणि दावे मर्यादेत ठेवले तर पेटंट मंजूर होईपर्यंतची मूळ सरकारी फी ५,६००. भोवऱ्याला तीस पानं सहज पुरतात. भरण्याआधी कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा ताजा तक्ता पाहा.

अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. लवकर हवा असेल तर फॉर्म ९ आणि २,५०० रुपये. परीक्षणाची विनंती पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. २०२४ च्या दुरुस्तीआधी हीच मुदत ४८ महिने होती आणि जुन्या लेखांत अजूनही तोच आकडा दिसतो. त्यावर जाऊ नका. फॉर्म १८ न भरणं हा या वाटेवरचा सर्वांत वाईट सापळा आहे, कारण अर्ज केला म्हणजे पुढचं आपोआप होईल असं माणूस धरून चालतो. विनंती आली नाही तर कार्यालय अर्ज मागे घेतला असं मानतं.

अर्जदार स्त्री असेल, किंवा सगळे अर्जदार व्यक्ती असून त्यांत किमान एक स्त्री असेल, तर फॉर्म १८ए भरून जलद परीक्षण मागता येतं. फी ८,०००. खेळणी बनवणाऱ्या शिक्षिकांनी आणि आयांनी ही सवलत जरूर घ्यावी.

एजंट घ्यावा का? पैसे असतील तर निदान दावे एजंटकडून तपासून घ्या. त्याची फी सरकारी फीच्या कितीतरी पट असते, म्हणून कशाकशाचे पैसे ते आधी लिहून घ्या, विशेषतः हरकतींच्या उत्तराचे. औपचारिक शिक्षण नसलेल्या संशोधकांना गांधीनगरची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन पेटंटसाठी मदत करते आणि शाळकरी मुलांसाठी त्यांनी 'इग्नाइट' स्पर्धाही घेतल्या आहेत. स्वतः शिकायचं असेल तर नागपूरची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था प्रशिक्षण देते.

१०. हरकतींचं पत्र आलं की घाबरू नका

पहिला परीक्षण अहवाल, ज्याला सगळे एफईआर म्हणतात, जवळपास प्रत्येक अर्जाला येतो. भाषा रुक्ष असते आणि वाचून सगळं संपलं असं वाटतं. तसं नसतं. तो ईमेलने येतो आणि उत्तराचे सहा महिने अहवालाच्या तारखेपासून मोजले जातात, तुम्ही वाचला त्या दिवसापासून नव्हे. स्पॅमचा कप्पा पाहत राहा आणि अधूनमधून संकेतस्थळावर अर्जाची स्थिती तपासा. फी भरून आणखी तीन महिने मिळू शकतात.

माझ्या अहवालात परीक्षकाने पाय असलेला एक जुना परदेशी भोवरा दाखवला होता. चौथ्या टप्प्यातल्या वहीत तो आधीच होता, समोर ओळही होती: 'पाय सुटे, एकमेकांशी जोडलेले नाहीत.' उत्तरात मी तीन गोष्टी मांडल्या. जुन्या भोवऱ्यात कडी नाही. कडी नसल्याने पाय वेगवेगळ्या क्षणी टेकतात. आणि पाय एकत्र बांधायचे असं त्या दस्तऐवजात कुठेही सुचवलेलं नाही. मुद्देसूद, रचनेवर बोट ठेवून लिहा. 'माझं खेळणं मुलांना फार आवडतं' हे खरं असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही.

सुनावणी लागली तर ती व्हिडिओवर होते. नमुना हातात घेऊन बसा. सुनावणीनंतर लेखी म्हणणं ठरलेल्या मुदतीत द्यायला विसरू नका.

११. परदेशात न्यायचं असेल तर

भारतीय पेटंट भारतापुरतं. परदेशात हवं असेल तर पहिल्या तारखेपासून बारा महिन्यांत तिकडे थेट किंवा पीसीटीमार्गे, म्हणजे एका अर्जाने अनेक देशांची वाट मोकळी ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, अर्ज करावा लागतो. भारतात राहणाऱ्याने आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं, नाहीतर फॉर्म २५ भरून परवानगी घ्यावी. परदेशातल्या भावाच्या नावाने परस्पर तिकडे अर्ज करू नका, कायद्याने तो गुन्हा ठरतो. खर्च लाखांत जातो. तिकडचा खरा ग्राहक समोर नसेल तर या फंदात पडू नये.

१२. बाजार

अर्ज दाखल झाल्यावर वस्तूवर 'पेटंट प्रलंबित' लिहिता येतं. मंजूर होण्याआधी 'पेटंटेड' लिहिणं मात्र दंडाला पात्र आहे. नक्कल करणाऱ्यावर खटलाही मंजुरीनंतरच भरता येतो.

पेटंट म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणन बंधनकारक आहे. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेच्या खेळण्यांना आयएस १५६४४. माझ्या पितळी पायांची टोकं गोल करावी लागली ती याच कारणाने. नमुना पक्का करण्याआधीच मानक वाचलंत तर आकृत्याही त्याप्रमाणे काढता येतात.

कंपनीला हक्क विकायचा असेल तर धीर हवा. 'सुपर सोकर' या पाण्याच्या बंदुकीचे संशोधक लॉनी जॉन्सन नासाच्या प्रयोगशाळेतले अभियंते. १९८३ साली अर्ज, १९८६ साली पेटंट, आणि बंदूक दुकानात आली १९९० साली. कंपनीला भेटताना अर्ज दाखल झालेलाच हवा आणि दाखवताना चालू नमुना हवा, चित्र नको.

१३. मंजुरीनंतरची कामं

पेटंट मिळालं तरी दरवर्षी नूतनीकरण लागतं. व्यक्तीला तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दर वर्षी ८००, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, अकराव्या ते पंधराव्यासाठी ४,८००, पुढे विसाव्यापर्यंत ८,०००. मंजुरी उशिरा आली तर मधल्या वर्षांची साचलेली फी नोंदीपासून तीन महिन्यांत एकदम भरायची असते. किमान चार वर्षांची फी ऑनलाइन आगाऊ भरली तर दहा टक्के सूट मिळते.

अमेरिकेतल्या कॅथरिन हेटिंगर यांनी बोटावर फिरणाऱ्या खेळण्याचं पेटंट घेतलं होतं. चारशे डॉलरची नूतनीकरण फी परवडली नाही म्हणून त्यांनी ते २००५ साली सोडून दिलं. पुढे २०१७ मध्ये फिजेट स्पिनर घरोघरी पोचला तेव्हा त्यांचं नाव सगळीकडे आलं. त्यांची रचना वेगळी होती, त्यामुळे पेटंट चालू असतं तरी त्या स्पिनरवर हक्क सांगता आला असता असं नाही. तरीही दर वर्षी फी भरताना खेळणं अजून चालेल का, हा विचार करूनच भरा किंवा सोडा. नुसतं विसरून जाऊ देऊ नका. विसरलंच तर पेटंट बंद पडल्यापासून अठरा महिन्यांच्या आत फॉर्म १५ भरून ते पुन्हा जिवंत करण्याची विनंती करता येते.

याशिवाय फॉर्म २७. पेटंट वापरात आहे की नाही याचं हे निवेदन आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यावं लागतं. खेळणं अजून बाजारात आलं नसलं तरी फॉर्म भरायचा आणि वापरात नाही असंच नोंदवायचं.